आरबीआयचं ‘अप्रूव्हल’ मिळालं म्हणजे नक्की काय मिळालं?

लिंक्डइन उघडलं की दर काही दिवसांनी ती पोस्ट दिसतेच. निळं बॅकग्राउंड, कंपनीचा लोगो, फाउंडर मंडळी हाताची घडी घालून उभी आणि वर ठळक अक्षरात ‘आरबीआय अप्रूव्ड!’ खाली कॉन्ग्रॅट्सचा पाऊस. मी ती पोस्ट दोनदोनदा वाचते आणि तरी कळत नाही की आरबीआयने नेमक्या कुठल्या कंपनीला, कुठल्या कामासाठी आणि कुठल्या टप्प्यावरचं अप्रूव्हल दिलंय. माझं कामच फिनटेक म्हणजे ॲपवरून पैशाच्या सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी लिहायचं आहे, प्रेस रिलीज, ॲपमधला मजकूर, कस्टमर केअरची उत्तरं वगैरे, त्यामुळे मला ही खोड जरा जास्त असेल. पण या एका वाक्यावरून कंपन्यांचे जेवढे वांधे झालेले मी बघितलेत तेवढे दुसऱ्या कशावरूनही नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

आधी टप्प्यांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आरबीआयकडून बऱ्याच परवान्यांत आधी ‘इन-प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्वतः मंजुरी मिळते आणि मग अटी पूर्ण केल्या की अंतिम परवाना. तत्त्वतः मंजुरी म्हणजे साखरपुडा समजा. पेढे वाटायला हरकत नाही, पण अजून लग्न लागलेलं नाही. आणि साखरपुडे मोडतात हो. १९ ऑगस्ट २०१५ ला आरबीआयने ४१ अर्जांमधून ११ जणांना पेमेंट्स बँकेसाठी (ठेवी घेणारी, पण कर्ज न देणारी मर्यादित बँक) तत्त्वतः मंजुरी दिली, मुदत १८ महिने. काय गाजावाजा झाला होता तेव्हा! भारतातलं बँकिंग आता बदलणार, मोबाईल कंपन्या बँका होणार, वगैरे वगैरे. पुढच्या वर्षभरातच चोलामंडलम, टेक महिंद्रा आणि दिलीप संघवी-आयडीएफसी-टेलिनॉर अशा तिघांनी माघार घेतली. आदित्य बिर्ला आयडिया पेमेंट्स बँक तर २०१८ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाली आणि २०१९ मध्ये गाशा गुंडाळायचं जाहीरही करून बसली. यात कुणाची फसवणूक नव्हती, धंद्याचं गणित जमलं नाही, एवढंच. पण ज्यांनी २०१५ मध्ये ‘आम्ही आता बँक’ या थाटात मुलाखती दिल्या होत्या त्यांना नंतर तेच शब्द गिळावे लागले.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. १७ मार्च २०२० ला आरबीआयने पेमेंट ॲग्रिगेटरचे नियम आणले. ऑनलाइन दुकानदारांसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करून त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांना परवाना घ्यावाच लागेल, नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारं स्वतःचं भांडवल) आधी १५ कोटी आणि पुढे २५ कोटी रुपये दाखवावी लागेल, ग्राहकांचे पैसे एस्क्रो खात्यातच (बँकेतलं राखीव खातं, कंपनीच्या स्वतःच्या पैशांपासून वेगळं) ठेवावे लागतील, असं सगळं. अर्ज गेले. २०२२ मध्ये काही मोठ्या नावांना तत्त्वतः मंजुरी मिळाली, लगेच बातम्या, लगेच पोस्टी. आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये रेझरपे, कॅशफ्री यांच्यासारख्यांना सांगण्यात आलं की अंतिम परवान्याचं होईपर्यंत नवे ऑनलाइन व्यापारी घेऊ नका. अंतिम परवाना यायला डिसेंबर २०२३ उजाडला. एक अख्खं वर्ष.

आता त्या वर्षात सेल्सवाल्याची काय अवस्था झाली असेल विचार करा. समोरचा दुकानदार म्हणणार, अहो तुम्हीच तर मागे सांगितलंत ना आरबीआयचं मिळालं म्हणून, मग आता नवीन घेत का नाही? तुमच्यात काही लफडं आहे का? पहिल्याच दिवशी ‘ही पहिली पायरी आहे, ऑडिट आणि अंतिम परवाना बाकी आहे’ असं एक वाक्य टाकलेलं असेल तर हे उत्तर देणं सोपं जातं, नसेल तर काहीही बोललं तरी ते सारवासारव वाटतं. माझं या सगळ्या विषयावरचं मत एवढंच आहे खरं तर. मंजुरीची बातमी देताना जे अजून मिळालेलं नाही तेही त्याच बातमीत सांगा, तुमच्याच शब्दात आणि तुमच्याच तारखेला. नंतर ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं की महागात पडतं.

एका कंपनीतली मीटिंग सांगते, नाव अर्थातच सांगणार नाही. तत्त्वतः मंजुरीचं पत्र आलं होतं, ऑफिसात जल्लोष, आणि संध्याकाळपर्यंत रिलीज हवी. मार्केटिंगने पाठवलेलं पहिलं वाक्य होतं: ‘आम्ही आता आरबीआय मान्यताप्राप्त! तुमचे पैसे १०० टक्के सुरक्षित.’ कंप्लायन्सच्या, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, ‘१०० टक्के कुणी म्हटलंय? पत्रात कुठे आहे ते दाखव मला.’ फाउंडर सर म्हणाले, ‘मॅडम, भावना समजून घ्या.’ मॅडम म्हणाल्या, ‘भावना मला समजतात हो सर, पण पत्राखाली सही आरबीआयची आहे, त्यांनी नाही समजून घेतल्या तर?’ सगळे हसले, पण पुढचा दीड तास त्या एका वाक्यावर गेला.

शेवटी जे गेलं ते साधारण असं होतं. आमच्या समूहातल्या अमुक प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीला (इथे ॲपचं नाव नाही, नोंदणीकृत कंपनीचं नाव) ऑनलाइन पेमेंट ॲग्रिगेटर म्हणून काम करण्यासाठी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ खाली रिझर्व्ह बँकेकडून तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. ठरलेल्या मुदतीत सिस्टिम ऑडिट रिपोर्ट आणि इतर कागदपत्रं सादर केल्यावर अंतिम परवान्याचा निर्णय रिझर्व्ह बँक घेईल. सध्याच्या व्यापाऱ्यांच्या सेवेत यामुळे काहीही बदल होत नाही. सर म्हणाले एवढं लांबलचक कोण छापणार? छापलं की. उलट एका पत्रकाराने फोन करून एवढंच विचारलं की अंतिम कधी मिळेल, आणि तिथे सरांच्या तोंडून ‘पुढच्या क्वार्टरपर्यंत’ निघणारच होतं तेवढ्यात मॅडमनी खूण केली. रेग्युलेटरच्या वतीने तारीख सांगायची नसते. अर्ज आपला असला तरी कॅलेंडर त्यांचं.

बरं, हे सगळं झालं टप्प्याचं. पण समजा अंतिम परवाना हातात आलाय, तरीसुद्धा ‘आरबीआय अप्रूव्ड’ या शब्दांनी वाचणाऱ्याच्या डोक्यात काय उमटतं ते बघायला हवं. आमच्या पुण्यात तरी हे कुणाला वेगळं शिकवायची गरज नाही. रुपी बँकेला आरबीआयचाच परवाना होता. २०१३ पासून निर्बंध, आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द. मुंबईत पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. तीसुद्धा आरबीआयच्या देखरेखीखालचीच बँक. म्हणजे परवाना असणं याचा अर्थ एवढाच की कंपनीला ते काम करायची मुभा आहे आणि तिच्यावर कुणाचंतरी लक्ष आहे, ती बुडणारच नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. बँकेतल्या ठेवींना निदान ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (आरबीआयच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा आहे, वॉलेटमधल्या पैशाला तोही नाही. आणि तरीही वॉलेट कंपन्यांच्या जाहिराती वाचून आमच्या मावशीला वाटतं की पैसे ‘आरबीआयकडेच’ ठेवलेत.

गंमत म्हणजे हे रेग्युलेटरला चांगलंच ठाऊक आहे. एनबीएफसींच्या, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांच्या जाहिरातीत खाली बारीक टायपात एक ओळ असते बघा, की कंपनीकडे आरबीआय कायद्याच्या कलम ४५-आयए खालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे, परंतु कंपनीच्या आर्थिक भक्कमपणाची किंवा पैसे परत मिळण्याची कुठलीही जबाबदारी वा हमी आरबीआय घेत नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचंही तसंच, इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझरच्या जाहिरातीत लिहावंच लागतं की सेबीची नोंदणी म्हणजे कामगिरीची हमी किंवा परताव्याचं आश्वासन नव्हे. मी लिहिताना काय करते, ती तळातली ओळ साध्या मराठीत उचलून वर घेते, मुख्य मजकुराच्या टायपात. लीगलवाले कुरकुरतात की ठरलेले शब्द बदलू नका. मग ठरलेले शब्द खाली तसेच ठेवायचे आणि वर माणसाला कळेल असं लिहायचं, दोन्ही करता येतं की.

यापेक्षाही मला खटकतो तो उसना परवाना. कंपनीकडे स्वतःचं काहीच नाही, परवाना पार्टनर बँकेचा नाहीतर पार्टनर एनबीएफसीचा, आणि ॲपवर मात्र मोठ्ठं ‘आरबीआय रेग्युलेटेड’. कर्ज देणारी बरीचशी ॲप्स ही नियमांच्या भाषेत फक्त लेंडिंग सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणजे कर्जदार आणून देणारे मध्यस्थ असतात, कर्ज देणारी संस्था वेगळीच असते, आणि २०२२ च्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांपासून तिचं नाव ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आता १ जुलै २०२५ पासून आरबीआयच्या साईटवर अशा ॲप्सची यादी पण आलीय, तर लगेच काहींनी ‘आरबीआयच्या यादीत’ असं मिरवायला सुरुवात केली. पण ती यादी बँका आणि एनबीएफसींनी भरलेल्या माहितीवरून तयार होते, आरबीआय प्रत्येक ॲप तपासून शिक्का मारत नाही. यादीत असणं चांगलंच, ग्राहकाला पडताळून बघता येतं, पण ते मेडल नव्हे.

निओबँक म्हणवणाऱ्यांचं, म्हणजे शाखा नसलेल्या, फक्त ॲपवरच्या ‘बँकां’चं तर विचारूच नका. भारतात निओबँक नावाचा वेगळा परवानाच नाहीये. आणि बँकिंग रेग्युलेशन कायदा, १९४९ च्या कलम ७ प्रमाणे परवान्याशिवाय नावात ‘बँक’ लावता येत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था, त्यामुळे आपल्याला हा विषय नवीन नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आरबीआयने लोकांना जाहीर सावध केलं होतं की काही सहकारी सोसायट्या नावात बँक लावतायत, त्यांच्याकडे परवाना नाही आणि त्यांच्या ठेवींना विमाही नाही. गावातल्या पतसंस्थेला हे लागू आणि बेंगळुरूच्या चकचकीत ॲपने नुसतं ‘बँकिंग रीइमॅजिन्ड’ म्हटलं की चालेल, असं कसं?

उसन्या परवान्याचा कळस बघायचा तर अमेरिकेतलं व्हॉयेजर. क्रिप्टो प्लॅटफॉर्म. ग्राहकांना सांगत होते की तुमच्या डॉलरला एफडीआयसीचा (तिथल्या सरकारी ठेव विमा संस्थेचा) विमा आहे, आणि व्हॉयेजर बुडाली तरी पैसे मिळतील असा समज करून दिला. प्रत्यक्षात खातं एका पार्टनर बँकेत, आणि विमा ती बँक बुडाली तरच लागू. जुलै २०२२ मध्ये व्हॉयेजरने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात एफडीआयसी आणि फेडरल रिझर्व्हने मिळून पत्र पाठवलं की हे दावे ताबडतोब मागे घ्या. तोवर ज्यांचे पैसे अडकायचे त्यांचे अडकले होते.

आपल्याकडची क्रिप्टो एक्सचेंजेस ‘एफआययू रजिस्टर्ड’ लिहितात, त्याचंही तसंच. मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. हे त्यांच्यावरचं बंधन आहे. ग्राहकाला त्यातून नुकसानभरपाई वगैरे काही मिळत नाही. सक्तीने करावी लागलेली गोष्ट कर्तृत्व म्हणून मिरवायची, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट अजून, ब्रँड आणि कंपनी वेगळी ठेवायची. ३१ जानेवारी २०२४ ला आरबीआयने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली, ठेवी आणि टॉप-अप घेणं थांबवायला सांगितलं, मुदत आधी २९ फेब्रुवारी आणि मग १५ मार्च. लोकांनी ऐकलं फक्त ‘पेटीएम बंद’. ॲप वेगळ्या कंपनीचं, बँक वेगळी, क्यूआर कोड चालू राहणार की नाही ते आणखी वेगळं. आरबीआयला प्रश्नोत्तरं काढून समजवावं लागलं. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तर क्यूआरवर चिकटपट्टी लावून टाकली होती काही दिवस. चांगल्या दिवसात बँक, वॉलेट, ॲप, गेटवे सगळ्यांना एकाच नावाखाली एकाच लोगोत बसवायला छान वाटतं, सगळ्यांची पुण्याई सगळ्यांना मिळते. मग वाईट दिवस आला की बदनामीही सगळ्यांची होते. म्हणून मी अगदी आनंदाच्या बातमीतसुद्धा कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव घालायचा हट्ट धरते. आरबीआयच्या यादीतही तेच नाव असतं, ब्रँडचं नाव शोधून तिथे बऱ्याचदा काही सापडत नाही.

लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना निदान शिस्त लावलेली आहे. सेबीच्या लिस्टिंग नियमांतलं रेग्युलेशन ३०, महत्त्वाची घटना असेल तर ठरलेल्या तासांत एक्सचेंजला कळवावं लागतं, बाहेरून आलेल्या आदेशासाठी २४ तास. म्हणून पेटीएमच्या पेमेंट ॲग्रिगेटरच्या अर्जाची कहाणी आपल्याला तारखेवार कळते: नोव्हेंबर २०२२ मध्ये परकीय गुंतवणुकीच्या मंजुरीसाठी अर्ज परत, ऑगस्ट २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी, मग नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतिम परवाना. अर्ज परत आला हे त्यांनाही कळवावंच लागलं. अनलिस्टेड स्टार्टअपला ही सक्ती नाही, त्यामुळे तिथे मंजुरी आली की ढोल आणि अर्ज परत आला की चिडीचूप. पण २०२३ पासून आरबीआय पेमेंट ॲग्रिगेटरच्या अर्जांची स्थितीच साईटवर टाकते, कुणाला मिळालं, कुणाचं चालू आहे, कुणाचं परत गेलं. लपवून लपवणार काय? ग्राहकांना आणि पार्टनर बँकांना त्याच दिवशी दोन ओळींचा मेल गेलेला बरा, की अर्ज परत आलाय, कारण हे आहे, आम्ही पुन्हा करतोय, तोवर हे काम थांबेल आणि हे चालू राहील.

संयम कसा दाखवायचा याचं एक बरं उदाहरण म्हणजे यूकेतलं रेव्होल्युट हे पैशाच्या व्यवहारांचं ॲप. २०२१ मध्ये अर्ज केला आणि जुलै २०२४ मध्ये निर्बंधांसह बँक परवाना मिळाला, तिकडे त्याला मोबिलायझेशन म्हणतात. आधी यंत्रणा उभी करायची, मग पूर्ण बँक. ग्राहकांची खाती लगेच बँकेत गेली नाहीत, आणि हे तेव्हाच सांगितलं गेलं. तीन वर्षं वाट बघितल्यावर पेढ्यांच्या बॉक्सवर ‘निर्बंधांसह’ लिहिणं सोपं नसणार, मान्य.

आणि आता ज्याच्यावर कुणाचंच लक्ष नसतं ते. प्रेस रिलीज पाच जण तपासतात. सेल्सची पीपीटी? एजंटचं व्हॉट्सॲप स्टेटस? साऊंडबॉक्स लावायला आलेला पोरगा लक्ष्मी रोडवरच्या दुकानात काय बोलतो? मी कानाने ऐकलंय, ‘काका, आरबीआयचं मशीन आहे, टेन्शन नाय.’ त्या बिचाऱ्याला टार्गेट आहे, आणि त्याला कुणी दुसरं वाक्य दिलेलंच नाही. तसंच कस्टमर केअरचं. ‘पैसे सेफ आहेत ना?’ हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि त्याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या मनाने देतो.

म्हणून आता नवीन काम घेतलं की मी रिलीजच्या आधी ते उत्तर लिहायला घेते. वॉलेटसाठी हल्ली जे देते ते असं: ‘मॅडम, तुमचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवलेले असतात, कंपनी ते स्वतःच्या खर्चाला वापरू शकत नाही. कंपनीला वॉलेट चालवायचा आरबीआयचा परवाना आहे, कंपनीचं नाव अमुक, ते आरबीआयच्या साईटवर बघता येईल. पण ही बँकेतली ठेव नाही, त्यामुळे ५ लाखांचा ठेव विमा याला लागू होत नाही. मोठी रक्कम इथे ठेवू नका, लागेल तेवढीच भरा.’ शेवटचं वाक्य प्रॉडक्टवाले दर वेळी कापतात. मी दर वेळी परत घालते. सध्याच्या कंपनीत ते अजून आहे.